आढ्यापलीकडची भामा

पुणे-नाशिक महामार्गाने मोशीहून उत्तरेला निघाले की राजगुरुनगरपर्यंत तीन नद्या ओलांडाव्या लागतात. पहिली इंद्रायणी, मोशी आणि चिंबळी यांच्यामधली. तिसरी भीमा, राजगुरुनगरच्या वेशीवरची. पहिलीच्या काठी देहू-आळंदी आहे, तिसरी पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते. या दोन्ही नद्यांवर महाराष्ट्राने भरभरून लिहिले आहे. मधली भामा मात्र चाकणच्या पलीकडे, वाकीजवळ, एका पुलाखालून जाते आणि गाडीत बसलेल्या बहुतेकांना आपण नदी ओलांडली हे कळतही नाही. हे प्रकरण त्या मधल्या नदीचे आहे.

ती पाहायची तर सुरुवात कुरुळीपासून करावी. कुरुळी भामेच्या काठी नाही, आणि तिथून सुरुवात करण्याचे कारणही तेच आहे. इंद्रायणीच्या पुलावरून चाकणकडे जाताना रस्ता हळूहळू चढत जातो. ट्रकच्या रांगेत अडकलेल्याला चढ जाणवत नाही, पण पाण्याला तो जाणवतो. घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस जसा दोन पाख्यांवरून दोन अंगणांत उतरतो, तसा या भागातला पाऊस चाकणच्या आसपासच्या उंचवट्यावरून दोन नद्यांत वाटला जातो. दक्षिणेच्या पाख्यावरचे पाणी ओढ्या-ओहोळांनी इंद्रायणीत जाते, उत्तरेच्या पाख्यावरचे भामेत. कुरुळी, निघोजे, मोई, चिंबळी ही गावे दक्षिणेच्या पाख्यावरची. निसर्गाच्या हिशेबाने कुरुळीचा आणि भामेचा काहीही संबंध येत नाही. तरीही आज भामेचे पाणी रोज कुरुळीत येते. ते कसे, हे समजण्यासाठी आधी नदीच्या उगमाकडे जायला हवे.

खेड तालुक्याचा नकाशा आडवा आणि लांबट आहे. पश्चिमेचे टोक थेट सह्याद्रीच्या कड्यावर आणि पूर्वेचे टोक शिरूरच्या कोरडवाहू माळाला लागून. भामेचा जवळजवळ सगळा प्रवास या एकाच तालुक्यात होतो. भीमाशंकरच्या दक्षिणेला, वांद्रे गावाच्या वरच्या डोंगरांत तिचे पहिले ओहोळ जुळतात. वांद्र्याच्या खिंडीत उभे राहून पश्चिमेला पाहिले की जमीन संपते. कडा सरळ खाली कोकणात उतरतो आणि तळाशी कर्जत तालुक्यातला कोथळीगड, पेठचा किल्ला, आपला सुळका वर काढून उभा दिसतो. अरबी समुद्र इथून सत्तरेक किलोमीटरवर. पण भामा समुद्राकडे पाठ फिरवते. तिचे पाणी भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. सत्तर किलोमीटरची वाट सोडून हजार किलोमीटरहून लांबची वाट धरायची, हे सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या प्रत्येक नदीचे प्राक्तन आहे.

याला कारण दख्खनच्या पठाराची घडण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. ज्वालामुखीच्या शंकूतून नव्हे, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून. पुढे या पठाराचा कल पूर्वेकडे झाला आणि पश्चिमेची कड तुटून, झिजून कडा तयार झाला. कड्याच्या पश्चिमेच्या नद्या थोड्या अंतरात प्रचंड उतरतात, त्यामुळे त्या डोंगराला मागे मागे खात येतात. पूर्वेच्या नद्यांचा उतार मंद, त्यांची झीज सावकाश. म्हणजे घाटमाथ्याची रेषा फार धीम्या गतीने पूर्वेला सरकते आहे. घाटमाथ्यावर हिंडताना एखादी रुंद, सपाट तळाची दरी एकाएकी कड्याशी तुटलेली दिसते. एवढी रुंद दरी कोरायला मोठी नदी लागते, तिथे मात्र एखादा ओहोळ असतो. अशा दरीचा वरचा भाग पश्चिमेच्या नद्यांनी केव्हाच गिळलेला असतो.

लाव्हाचे थर सगळे सारखे नाहीत, आणि भामेच्या स्वभावाचे रहस्य याच फरकात दडले आहे. विहिरी खणणारे लोक हा फरक कोणत्याही भूशास्त्रज्ञाइतका ओळखतात. एक काळा पाषाण, कठीण, पहारीला दाद न देणारा. त्यात पाणी फक्त भेगांतून फिरते. दुसरा मांजऱ्या, पोकळ्या आणि त्यांत भरलेली पांढरी खनिजे असलेला, लवकर कुजून मुरूम होणारा. दोन थरांच्या मध्ये कधी गेरूसारखा तांबडा थर सापडतो. तो पाण्याला खाली जाऊ देत नाही. वरून झिरपलेले पाणी अशा थरावर अडते, आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीत जिथे तो थर उघडा पडतो तिथे झरा होऊन बाहेर येते. घाटमाथ्यावरच्या वाड्या-वस्त्या पाहिल्या तर त्या बहुधा अशा झऱ्याच्या आसपास वसलेल्या असतात. बेसॉल्टच्या पोटात एरवी फार पाणी मावत नाही. साठते ते वरच्या कुजलेल्या थरात, मातीत आणि मुरमात. म्हणून या नदीसाठी डोंगरावरची माती फार महत्त्वाची आहे, आणि ती माती जागेवर धरून ठेवणारे जंगलही.

पावसाचा हिशेब पाहू. घाटमाथ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ढग कड्याला धडकून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. कडा ओलांडून पूर्वेला निघालेली हवा खाली उतरताना कोरडी होत जाते. चाकणपर्यंत पोचेतो पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास आलेला असतो. अंतर तीस-पस्तीस किलोमीटरांचे, पाऊस मात्र चौपटीहून अधिक घटलेला. याचा अर्थ असा की भामेच्या लांबीत जंगलाचा पट्टा थोडा असला तरी तिच्या पाण्यात त्याचा वाटा मोठा आहे. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर पाणी होते. आषाढातल्या एका मुसळधार दिवशी माथ्यावर १०० मिलिमीटर पडले तर प्रत्येक चौरस किलोमीटरवर दहा कोटी लिटर. नदी ही वस्तुतः या पश्चिम टोकाला तयार होते. पुढचा सगळा प्रवास म्हणजे तिथे मिळालेले पाणी वाहून नेण्याचा.

ते जंगल कसे आहे? भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर, आंबेगाव आणि खेड तालुक्यांबरोबर कड्याखालच्या ठाणे-रायगडच्या भागातही पसरलेले. तिथून दक्षिणेला भामेच्या उगमाकडे येताना जंगल तुटक होत जाते. दाट राई, मग उघडा सडा, मग भातखाचरे, पुन्हा राई. जांभूळ, अंजनी, हिरडा, आंबा ही इथली नेहमीची झाडे. उतारांवर कारवी. कारवीचे झुडूप सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, हे बहुतेकांना माहीत असते, पण फुलत नसलेल्या वर्षांतली तिची कामगिरी मला अधिक मोलाची वाटते: तिच्या दाट मुळ्या मुसळधार पावसात उतारावरची माती धरून ठेवतात. तिच्या काठ्यांचे कूड करून शेणामातीने लिंपलेली घरे या भागात पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली.

महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू याच भीमाशंकरच्या जंगलात राहतो. तो शक्यतो जमिनीवर उतरत नाही. झाडावरून झाडावर उड्या मारत फिरतो. त्यामुळे त्याला नुसती झाडे असून भागत नाही, एकमेकांत मिसळलेले शेंडे लागतात. रस्त्यासाठी वा तारांसाठी पाडलेली एक रुंद पट्टीही त्याच्यासाठी भिंत होते. या डोंगरधारांवर पवनचक्क्या आल्या तेव्हा माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात भीमाशंकरजवळच्या पवनचक्क्यांची आणि त्यांच्यासाठी डोंगरांत काढलेल्या रस्त्यांची दखल घेतली होती. वाऱ्यावर वीज तयार करणे चांगलेच आहे. पण घाटमाथ्याचा उतार एकदा खोदला की पहिल्याच पावसात माती सुटून खाली ओढ्यात येते, ही बाजूही तितकीच खरी आहे. डोंगराने किती पाऊस सोसायचा यालाही मर्यादा असते. इथून जवळच, आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली.

या जंगलाशी ज्यांचे आयुष्य बांधलेले आहे ते प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाचे लोक. खाचरांत भात, उतारावर नाचणी आणि वरई, आणि रानातून बाळहिरडा. कोवळा हिरडा गोळा करून, वाळवून विकणे हा घाटमाथ्यावरचा नगद पैशाचा मोठा आधार. त्यामुळे हिरड्याचे झाड इथे सहसा तोडले जात नाही. देवरायांनीही बरेच जंगल राखले. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला आणि गावकऱ्यांनी देवाच्या नावाने सोडलेल्या या राया निव्वळ श्रद्धेचा नव्हे, वनस्पतींच्या आणि पाण्याच्याही रक्षणाचा विषय आहेत हे जगापुढे आणले.

उगमापासून भामा दोन डोंगररांगांच्या मधून पूर्वेला उतरते. या खोऱ्याला भामनेर म्हणतात. शेजारी भीमेचे भीमनेर, उत्तरेला जुन्नर भागात मीनेचे मीननेर, कुकडीचे कुकडनेर. दक्षिणेला गेले की हीच खोरी मावळे होतात: आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. नकाशावर या नद्या पाहाव्यात. कुकडी, मीना, घोड, भीमा, भामा, इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा. सगळ्या कड्याजवळून निघतात, सगळ्या एकमेकींना समांतर पूर्वेला जातात आणि अखेर भीमेच्या होतात. दोन नद्यांमध्ये एकेक डोंगराचा दांड. भामनेरच्या दक्षिणेकडच्या अशाच डोंगरांत शिंदे-वासुलीजवळ भामचंद्र डोंगर आहे. तुकोबांनी साधना केली अशी वारकऱ्यांची श्रद्धा असलेल्या तीन डोंगरांपैकी हा एक; दुसरे दोन भंडारा आणि घोरावडेश्वर. भामचंद्राच्या लेण्यांतून आज खाली औद्योगिक वसाहतीचे पत्र्याचे छप्पर दिसते, आणि हा डोंगर खाणी-बांधकामांपासून वाचावा म्हणून वारकऱ्यांना आंदोलने करावी लागली आहेत.

पाईट, करंजविहिरे, आसखेड ही भामनेरची ओळखीची गावे. आसखेडजवळ दोन बाजूंचे डोंगर एकमेकांच्या जवळ येतात आणि तिथेच नदी अडवली आहे. भामा आसखेड हे मातीचे धरण. त्याची साठवण सुमारे ८ टीएमसी. धरणाच्या मागे भामनेरचा जो भाग पाण्याखाली गेला तो खोऱ्यातला सर्वांत सपाट, सर्वांत काळ्या मातीचा तळ होता, कारण नदी आपली चांगली माती तळालाच टाकते. उरली ती उतारावरची हलकी जमीन. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. पुण्याकडे जाणाऱ्या जलवाहिनीचे काम त्यांनी एकदा नव्हे, अनेकदा बंद पाडले. शहराला ती अडवणूक वाटली. पण ज्यांची खाचरे बुडाली त्यांना जमिनीचा मोबदला न मिळता पाणी मात्र निघून जाताना दिसत होते, आणि त्यांचा राग मला पूर्णपणे रास्त वाटतो.

१ जानेवारी २०२१ रोजी या योजनेचे उद्घाटन झाले. पुण्याच्या पूर्व भागाला, म्हणजे वडगाव शेरी, खराडी, धानोरी, कळस या परिसराला, दिवसाला २०० दशलक्ष लिटर पाणी देण्याची ही योजना. धरणातून उपसलेले पाणी मोठ्या नळातून चाकणचा उंचवटा ओलांडते आणि शुद्धीकरणासाठी येते ते कुरुळीत. आळंदीलाही याच योजनेचे पाणी मिळते. इंद्रायणीच्या काठावरचे तीर्थक्षेत्र, पण तिथला भाविक नळाला ओंजळ लावतो तेव्हा ती भामेच्या पाण्याने भरते. कारण इंद्रायणीचे पाणी पिण्याजोगे राहिलेले नाही. आळंदीच्या घाटावर पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगताना सगळ्यांनी पाहिले आहेत.

२०० दशलक्ष लिटर म्हणजे किती? वर्षाला सुमारे २.६ टीएमसी. पिंपरी-चिंचवडसाठीही भामा आसखेडमधून दिवसाला १६७ दशलक्ष लिटर मंजूर आहेत, म्हणजे वर्षाला आणखी २.१ टीएमसीहून अधिक. पाणी पंपाने नवलाख उंब्र्यापर्यंत चढवायचे आणि तिथून उताराने चिखलीच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे सोडायचे, अशी त्या वाहिनीची आखणी. नवलाख उंब्रे सुधा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे पुन्हा इंद्रायणीच्याच पाख्यावर. दोन्ही शहरांचा वाटा मिळवला तर धरणातल्या साठ्याचा निम्म्याहून मोठा भाग होतो. डोंगरांनी दोन नद्यांत घातलेली वाटणी पंपांनी अशी मोडून काढली आहे.

चिखलीच्या केंद्राला आंद्रा धरणाचेही पाणी मिळते, आणि ते येण्याची रीत वेगळी आहे. ते नळातून आणलेले नाही. आंद्रा इंद्रायणीची उपनदी. धरणातून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून वाहत येते आणि कुरुळीच्या शेजारी, निघोज्याच्या बंधाऱ्यातून उचलले जाते. एकाच परिसरात शहराच्या पाण्याच्या दोन वाटा शेजारी शेजारी: एक पोलादी नळ, एक जिवंत नदी. नळातले पाणी वाटेत कोणी बिघडवू शकत नाही, नदीतले बिघडते. पण नदीतून आणायचे असेल तर वरच्या अंगाची नदी स्वच्छ ठेवणे शहराला भाग पडते, आणि म्हणून माझ्या मते दुसरी वाट अधिक हिताची आहे. नळ टाकला की नदीची गरज संपते आणि ती गटार झाली तरी कुणाचे अडत नाही.

धरणाच्या खाली भामा पुन्हा लहान होते. पावसाळ्यात धरण भरले की विसर्ग सोडतात, तेव्हा ती दोन्ही थड्या भरून वाहते. एरवी ती आवर्तनाची नदी आहे: उन्हाळ्यात पात्रात पाणी सोडले जाते, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ढापे टाकून भरून घेतले जातात आणि काठावरच्या मोटारी सुरू होतात. कांदा, बटाटा, पुढे पूर्वेला ऊस. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार अशा पाण्यावर मोठा झाला. उसाबरोबर बिबट्याही आला, कारण वर्षभर दाट, थंड आणि पाण्याजवळचे आडोसे त्याला तिथे मिळतात.

चाकण या उंचवट्यावर का वसले याचेही उत्तर भूगोलात आहे. जुन्नरहून पुण्याकडे आणि घाटांकडून पठारावर येणाऱ्या वाटा इथे जुळतात. चाकणचा संग्रामदुर्ग हा डोंगरी किल्ला नव्हे, सपाटीवरचा आणि खंदकाने राखलेला. १६६० साली शायिस्ताखानाच्या फौजेसमोर फिरंगोजी नरसाळा यांनी तो जवळजवळ दोन महिने लढवला. जी सपाटी आणि जे रस्ते फौजांना सोयीचे होते तेच पुढे कारखान्यांना सोयीचे ठरले. पण कारखान्यांना जे पाणी लागते ते या उंचवट्याला स्वतःचे नाही. आढ्यावर पाणी थांबत नाही. चाकणच्या औद्योगिक पट्ट्याला पाण्यासाठी कायम उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या खोऱ्यात उतरावे लागते.

वाकीच्या पुलाखालून पुढे भामेचे पात्र रुंदावते आणि काठ उंच होतात. हे काठ कातळाचे नाहीत, गाळाचे आहेत: पिवळसर माती आणि तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे. दख्खनच्या नद्यांनी हजारो वर्षे साठवलेल्या या गाळात किती जुना इतिहास असू शकतो, याचा प्रत्यय जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरी गावाने दिला. तिथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला, आणि त्याच परिसरात अश्मयुगातील माणसाची दगडी हत्यारे. ही राख इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची, असे एक मत. ती त्याहून कितीतरी जुनी, असे दुसरे. भामेच्या काठांवरून वाळू आणि माती उपसणारी यंत्रे फिरतात तेव्हा मला बोरीची आठवण होते आणि धास्ती वाटते.

शेलपिंपळगावच्या परिसरात भामा भीमेला मिळते आणि तिचे नाव संपते. तरीही तिथून खाली, तुळापूरच्या संगमावर, लोक तीन नद्या मोजतात: भीमा, भामा, इंद्रायणी. डोळ्यांना तिथे दोनच दिसतात, कारण भामा भीमेतून आलेली असते. काटेकोर नकाशाने पाहिले तर ही गणना चुकीची. पण पाणी पाहिले तर अगदी बरोबर. याच तुळापूरला १६८९ साली छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली, त्यामुळे महाराष्ट्रभरातून माणसे इथे येतात.

आता तुळापूरला येणारे भामेचे पाणी एका वाटेने येत नाही. जे पात्रात राहिले ते भीमेतून येते. जे आळंदीच्या नळांत गेले ते सांडपाणी होऊन इंद्रायणीतून येते. पुण्याच्या पूर्व भागात गेलेले तुळापूरला येतच नाही. ते मुळा-मुठेत उतरते आणि खाली रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते. तिन्ही वाटांचे पाणी शेवटी उजनीच्या जलाशयात एकत्र होते. ११७ टीएमसीचे ते धरण सोलापूर जिल्ह्याच्या शेतीला आणि सोलापूर शहराच्या पिण्याला पाणी देते. वांद्र्याच्या रानात पडलेला थेंब स्वच्छ पोचतो की मैला होऊन, हे त्याने आसखेडनंतर कोणती वाट धरली यावर ठरते.